खिळ्यावरचा नान

करातूत गावात दिवसा कोणी फाटक लावत नाही. दिवसा फाटक लागलेलं दिसलं की शेजारीपाजारी हातातलं टाकून धावत सुटतात, कारण गेल्या हिवाळ्यात हमरो म्हाताऱ्याचं फाटक दुपार झाली तरी उघडलं नव्हतं, आणि लोकांनी ढकलून उघडलं तेव्हा म्हातारा चुलीपाशी थंडगार पडलेला सापडला. तेव्हापासून तर हा नियम अगदी पक्का झाला. आणि नोरबीबीच्या साऱ्या वैतागाचं मूळ म्हणजे हे उघडं फाटक.

उघड्या फाटकातून जो आत येईल तो पाहुणा. पाहुणा आला की दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरायचा, नान मोडायचा, हिरवा चहा ओतायचा. तू कोण, कुठला, कशाला आलास, हे त्याचा चहा होईपर्यंत विचारायचंसुद्धा नाही. नवी नवरी होती तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं. तेव्हा ते सोपं होतं. या डोंगरात चढून चढून येणार कोण? हरवलेली मेंढी शोधणारा एखादा धनगर, नाहीतर लग्नाचं सांगायला आलेला कोणी. आता दर शनिवारी बसगाड्या येतात!

झालं असं, की सरकारी कचेरीतल्या लोकांना एकदम साक्षात्कार झाला, करातूत हे फार जुनं गाव आहे आणि ते जसंच्या तसं राहिलंय. दगडी भिंती, मातीची सपाट छपरं, गल्लीतून खळखळणारा पाट, काळ्या तुतीची झाडं, सगळं शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं. अहो, राहिलंय कारण बदलायला कुणाच्या खिशात काही नव्हतं! पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी खाली रस्त्याला आडवा दांडा टाकला, तिकीट बसवलं, मोठा फलक लावला आणि गाव जपायला घेतलं. गावकरी त्यांना जतनवाले म्हणतात, आणि म्हणताना बाजूला थुंकतात.

छपरावर पत्रे घालायचे नाहीत. निळा पाइप दिसता कामा नये. अंगणात प्लास्टिकची खुर्ची नको. नोरबीबीचं छप्पर चाळणी झालंय, बर्फ वितळायला लागला की घरात पातेली मांडून बसावं लागतं. दर शरदात भुसा घालून चिखल तुडवायचा आणि छपराला नवा थर द्यायचा, ही जुनी पद्धत. पण त्याला गडी लागतात, आणि गावातले धडधाकट गडी सगळे रशियात. नोरबीबीचा तुर्सुनही तिकडेच. तिकडे तो परक्यांच्या भिंतींना गिलावा करतो, आणि इकडे आईच्या डोक्यावर छप्पर गळतंय. याला काय म्हणायचं?

"अपा, दर शनिवारी दोरीवर कपडे वाळत घालू नका हं," मुनीसा सांगायची. मुनीसा म्हणजे कचेरीनं नेमलेली, पाहुण्यांना गाव दाखवणारी मुलगी. गोड बोलायची, त्यामुळे तिच्यावर धड ओरडताही यायचं नाही. "फोटोत दिसतात."

"मग शनिवारी मी नागवी बसू?"

"अपा!"

"अगं, जुन्या काळी लोक कपडे धूत नव्हते का? घाणेरडेच राहायचे? तसं सांग तुझ्या पाहुण्यांना."

पाहुण्यांच्या नानसाठी पिठाची गोणी कचेरी पाठवायची, हे खरं. पण गोण्यांना हात नसतात. मळायचं नोरबीबीनं, तंदूर तापवायचा नोरबीबीनं, आणि ऐन उन्हाळ्यात त्या आगीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकून नान थापायचे तेही तिनंच. साठी उलटलेली बाई. मागे कोणीतरी कौतुकानं 'आहाहा' करत उभं असायचं. असा राग यायचा, की वाटायचं एक गरम नान याच्याच गालावर थापावा.

पण हेही सगळं तिनं सोसलं असतं. बायका आयुष्यभर काय काय सोसतात! तिच्या खऱ्या संतापाचं कारण वेगळंच होतं. ते खिडकीशेजारी, भिंतीवर, एका खिळ्याला टांगलेलं होतं.

करातूतमध्ये पोरगा लांब जायला निघाला की आई त्याच्यापुढे ताजा नान धरते. तो दातांनी एक घास तोडतो, तेवढाच खातो, आणि उरलेला नान भिंतीला टांगून ठेवतात. त्याचा उरलेला घास इथं आहे, म्हणजे अन्न त्याला इथं ओढून आणणारच. तो परतला की तोच नान चहात भिजवून त्यानं खायचा. मधे दुसऱ्या कोणी त्याला तोंड लावायचं नाही. नोरबीबीला तुर्सुनच्या आधी दोन झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली. म्हणून याचं नावच ठेवलं तुर्सुन, म्हणजे 'राहू दे'. देवानं राहू दिला, पण मेला स्वतःच राहिला नाही. बापाला माती देऊन झाली, आणि पुढच्याच वसंतात एक घास तोडून, पाठीवर पिशवी टाकून उतारानं निघून गेला. त्याला चार वर्षं झाली. नान वाळून दगड झाला, पण त्याच्या दातांची खूण तशीच होती. खालचा एक दात जरा वाकडा, तोही दिसायचा. नोरबीबी रोज त्यावरची धूळ फुंकायची. तिला या जगात आता एकच गोष्ट बघायची होती: तुर्सुन या गालिच्यावर बसलाय आणि तो नान खातोय. मग डोळे मिटले तरी चालतील, असं ती म्हणायची, आणि लगेच म्हणायची, "नाही, आधी छप्पर."

एका शनिवारी मुनीसाची नजर त्या नानवर गेली, आणि झालं! तेव्हापासून प्रत्येक बस आधी नोरबीबीच्याच दारात.

"या आमच्या नोरबीबी अपा. आणि हा पाहा, यांच्या मुलानं जाताना चावलेला नान. चार वर्षं त्या वाट बघताहेत."

"आं..." सगळे मान वाकडी करून म्हणायचे. एकानं तर टिचकी मारून पाहिलं, खरा आहे की प्लास्टरचा. नोरबीबीनं त्याच्या हातावर पळी मारली. पाहुणा असला म्हणून काय झालं! आणि मध्यंतरी एक राजधानीची बाई, गळ्यात हा एवढा कॅमेरा, तिला म्हणते कशी, "अपा, जरा खिळ्याखाली उभ्या राहा ना. आणि नानकडे बघा, वाट बघत असल्यासारखं."

नोरबीबीला आधी कळेचना. मग कळलं, आणि अंगाचा भडका उडाला.

"वाट बघत असल्यासारखं? बाई गं, मी दुसरं काय करतेय इथं? लपाछपी खेळतेय?"

तोच फोटो पुढे खालच्या फलकावर लागला. गावात शिरताना पहिला नमस्कार नोरबीबीच्या रडव्या तोंडाला.

"आता तू पण जुनी वस्तू झालीस गं," शेजारची हुरमत वरून म्हणाली. हुरमतचं अंगण उतारावर वरच्या अंगाला, नोरबीबीच्या छपराला लागून, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी वरून, आकाशवाणीसारखं. "तुझ्याही नाकात खिळा ठोकून टांगतील बघ एक दिवस."

"आधी तुझी जीभ टांगायला सांगते. लांब आहे, शोभून दिसेल."

"बाकी पोरगा काय म्हणतो? येतोय का?"

"येईन म्हणतो."

"ते तर चार वर्षं म्हणतोय."

तुर्सुनचा फोन यायचा तेव्हा ती आधी छपराचं रडगाणं गायची, मग गुडघ्याचं, आणि शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, विचारायची, "मग कधी?" तो म्हणायचा, "येतो एना, हे काम उरकलं की." आईला तो एनाच म्हणतो. अशी किती कामं उरकली कोण जाणे. मागच्या वेळी तर म्हणाला, "एना, गावाचे फोटो पाहिले. काही बदललं नाही! तुम्ही काही बदलू नका हं." तिनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. हा पण जतनवाल्यांना मिळाला! इथं राहायला कुणी तयार नाही, आणि बदलू मात्र कुणी देणार नाही.

तुती पिकण्याच्या दिवसांतला शनिवार. बस आली. नोरबीबी तंदुरात वाकलेली, डोक्याला रुमाल, डोळ्यांत धूर. पायांचे आवाज आले तसं तिनं मागे न बघताच पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं, "या, बसा, बूट बाहेर काढा, तुती खाल्ली असेल तर हात धुवा, गालिच्याला डाग पडतात."

"एना."

"हो हो, चहा होतोय. काय घाई आहे?"

"एना, मी आहे."

हातातला नान निखाऱ्यात पडला. ती ताठ झाली तेव्हा डोकं तंदुराच्या काठाला आपटलं, त्याचाही तिला पत्ता लागला नाही. तुर्सुन! केस विरळ झालेले, पोट आलेलं, आणि तोच वाकडा दात. तिनं पिठाच्या हातांनी त्याचं तोंड धरलं, मग दोन सणसणीत धपाटे घातले आणि मग रडायला लागली. आजूबाजूला कॅमेरे कटकट वाजत होते. मुनीसाच्याही डोळ्यांत पाणी. ती डोळे पुसत म्हणाली, "अपा, किती सुंदर! फक्त व्हिडिओ हलला. जरा परत एकदा..."

"परत एकदा काय? परत एकदा जन्माला घालू त्याला?"

गालिच्यावर तुर्सुनला वरच्या जागी बसवलं. बघेही बसले, ते कुठे जाणार? ते तर पाहुणेच. चहा ओतता ओतता तिचं लक्ष त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेलं. वर एक रंगीत कागद डोकावत होता. तिनं तो ओढून काढला. खालच्या दांड्याचं तिकीट.

"हे काय?"

"वर यायला दुसरी गाडीच नव्हती, एना. म्हणून यांच्याच बसमध्ये बसलो. दांड्यावरचा माणूस नवीन दिसला, मला ओळखत नव्हता. म्हणाला तिकीट काढा. काढलं."

"सांगायचं ना, माझं घर आहे म्हणून!"

"सांगितलं. तो म्हणाला, सगळेच असं सांगतात."

नोरबीबीनं तिकीट दस्तरखानाच्या कडेला ठेवलं. स्वतःच्या आईच्या घरी तिकीट काढून आला पोरगा! पण आता रागवायचं नव्हतं. आता तर तो क्षण आला होता. ती उठली, खिडकीशी गेली आणि दोन्ही हातांनी खिळ्यावरचा नान उतरवायला लागली.

"अपा, थांबा!" मुनीसा ताडकन उठली. "आज नको ना. पुढच्या आठवड्यात राजधानीची मंडळी गाव बघायला येताहेत. त्यांना हा नान दाखवायचा ठरलाय. फलकावर फोटोसुद्धा आहे तुमचा. नानच नसला तर मी दाखवू काय?"

"ज्याचा नान तो आलाय, मुली."

"हो, पण... अर्धा तरी ठेवा! ती दातांची बाजू तेवढी ठेवा. बाकीचा खाऊ द्या."

नोरबीबीला हसावं की किंचाळावं कळेना. तिनं तुर्सुनकडे पाहिलं, की आता हाच काय ते सुनावेल. तुर्सुननं पियाला खाली ठेवला.

"राहू दे ना, एना," तो म्हणाला. "असू दे टांगलेला. नाहीतरी दहा-बारा दिवसांनी मला परत जायचंच आहे. पुन्हा आलो की खाईन."

मुनीसाचा जीव भांड्यात पडला होता, पण तिनंही नोरबीबीचा चेहरा पाहिला आणि मान खाली घातली. नोरबीबी नान छातीशी धरून उभी. दहा-बारा दिवस! चार वर्षं धूळ फुंकली ती यासाठी? याला घरी आल्यावर तो नान आठवलासुद्धा नाही. आणि आठवण करून दिली तर म्हणे, असू दे टांगलेला.

पाहुण्याला ऊठ म्हणता येत नाही. करातूतमध्ये कोणीही म्हटलेलं नाही, कोणी म्हणणार नाही. पण बैठक मोडायची एक रीत असते, आणि ती घरच्या मोठ्या माणसाच्या हातात असते. नोरबीबी येऊन बसली, नान मांडीवर ठेवला, दोन्ही तळवे वर केले. कोणाचा चहा अर्धा होता, कोणाच्या तोंडात जर्दाळू होता. तिनं पर्वा केली नाही.

"आलेल्यांना सुखरूप घरी पोहोचव, गेलेल्यांना परत आण, आणि ज्याचं अन्न त्याच्या मुखी लागू दे. ओमीन!"

तळवे तोंडावरून फिरवले. एकदा ओमीन झालं, की करातूतमध्ये माणूस एक घोटसुद्धा घेत नाही. मुनीसा हे जाणून होती. तिनं मुकाट्यानं तोंडावरून हात फिरवले आणि बघ्यांना म्हणाली, "चला, आता पाटाची चक्की बघू."

बूट घालता घालता एकजण विचारत होता, "पण नान?" मुनीसानं त्याला कोपराला धरून बाहेर काढलं.

शेवटचा बघ्या गल्लीत गेला, आणि नोरबीबीनं फाटक लावलं. भर दुपारी. वर लोखंडी कडीसुद्धा घातली. मग आत येऊन तिनं तो नान गुडघ्यावर आपटून मोडला. तुटता तुटेना. तुकडे मोठ्या वाडग्यात टाकले, वर गरम चहा ओतला आणि वाडगा तुर्सुनपुढे सरकवला.

"खा."

"एना, पण..."

"खा म्हणते ना! तुझाच आहे. शेवटच्या तुकड्यापर्यंत. चार वर्षं तू नव्हतास, तो होता. आता तू आलायस, त्याला सोडव."

तो खायला लागला. नान भिजूनही चिवट. तो चावत राहिला, चावत राहिला. थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण थांबायची हिंमत त्याला झाली नाही. ती समोर बसून बघत होती. हेच तिला बघायचं होतं, आणि तरी तिची नजर राहून राहून रिकाम्या खिळ्याकडे जात होती.

तेवढ्यात छपरावर धडधड पावलं वाजली, मातीचा एक ढेपळा खाली गालिच्यावर पडला, आणि धुराड्याच्या भोकातून हुरमतचा आवाज आला, घाबराघुबरा.

"नोरबीबी! अगं नोरबीबी! फाटक का लागलंय? काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही!" नोरबीबी वर तोंड करून ओरडली. "पोरगा जेवतोय! आणि तू माझ्या छपरावरून उतर, आहे तेवढं तरी राहू दे!"

वाडगा रिकामा झाला. तुर्सुननं तळाचा चहासुद्धा प्यायला. नोरबीबी उठली, पक्कड शोधली आणि भिंतीतला खिळा उपटून काढला. जुना खिळा, सहज निघाला.

"आता ऐक," ती म्हणाली. "जायचंय ना? खुशाल जा. पण भिंतीवर आता काही राहणार नाही. मला धूळ फुंकायची नाही, आणि लोकांना तमाशासारखं माझं वाट बघणं दाखवायचं नाही. फाटक उघडंच असतं. सगळं जग येतं, तूही ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्सुन अंगणात चिखल तुडवताना दिसला, गुडघ्यापर्यंत विजार वर करून. भुसा कमी पडला तो हुरमतकडून आणला. एवढी वर्षं गिलावाच केला होता, हात बसलेला. छप्पर त्यानं असं लिंपलं, की मुनीसानं खालून फोटो काढले. राजधानीची मंडळी आली, त्यांना नानऐवजी छपरावरचा तुर्सुन दाखवला गेला, आणि नोरबीबी तंदुरात तोंड खुपसून एकटीच म्हणाली, "घ्या, आता हा पण प्रदर्शनात."

जायचा दिवस उजाडला. पिशवी फाटकाशी. तुर्सुननं आईला मिठी मारली, आणि मग सवयीनं तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. नोरबीबी मुद्दाम दुसरीकडे बघत होती. तो पाच पावलं गेला, थबकला, आणि परत फिरला. तरातरा आत गेला. दस्तरखानाखालचा सकाळचा नान उचलला, मोठा घास तोडला, आणि खिडकीशी जाऊन भिंत चाचपायला लागला. खिळा नव्हता. त्यानं फडताळावर शोधला, पिठाच्या डब्यात शोधला, शेवटी आईच्याच एप्रनच्या खिशात हात घातला आणि काढला. चुलीपाशी पडलेला दगड घेतला आणि त्याच भोकात ठोकून बसवला. नान टांगला.

नोरबीबी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बोलण्यात मात्र काही फरक पडला नाही.

"झालं! परत ते सगळे माझ्या डोक्यावर येऊन बसणार," ती म्हणाली. "आणि हे बघ मेल्या, या वेळी त्याचा दगड होईपर्यंत थांबू नकोस. मऊ असतानाच ये."

त्यानं मान हलवली. तोंडात घास होता, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.